आजचं चिंतन : मैत्री आणि करुणा



आज गीतेचा 12वा अध्याय, 13वा श्लोक. खरा भक्त कसा ओळखायचा? भगवंत सांगतात : कुणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, मनात करुणा, आणि 'मी-माझं' गळून पडलेलं. जप किती झाला, हे इथे विचारलेलंच नाही!

गाडगेबाबांनी हे जगून दाखवलं. देवळं नाही, धर्मशाळा बांधल्या, आपल्या नाशकातही. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा हॉस्पिटलचे पेशंट उतरतात. कॅन्सरमध्ये औषधाइतकंच डोक्यावर छप्पर आणि दोन घास लागतात ना!

इथे इंदिरानगरात शेजारच्या काकूंची केमो चालू आहे. मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. परवा म्हणाल्या, "अरे, जो येतो तो पूर्वजन्मीचे भोग सांगतो. तू नुसता बसतोस, तेच बरं वाटतं." करुणेत उपदेश करणारा 'मी' नसतो, हे मला तिथे उमगलं.

आजचा संकल्प : ओळखीतल्या एका पेशंटला विचारा, "हॉस्पिटलला सोडू का? डबा आणू का?" फक्त केमोत प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून स्वतःला सर्दी-ताप असेल तर जाऊ नका, फोन करा. तीही सेवाच.

राम कृष्ण हरी!