दानीएलाचें पहिलें वर्ष

(आधार : दानीएल, अध्याय १ ला)



पावसाळा लागला कीं आपल्या खेड्यांत दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात. शेतांत पेरणी होते, आणि परीक्षा उतरलेला एखादा मुलगा किंवा मुलगी एक बॅग व एक वळकटी घेऊन शहराच्या एस.टी.त बसते. पेरलेलें बीं कांहीं दिवस डोळ्यांस दिसत नाहीं, आणि शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मोठ्या विद्यापीठांत गेलेल्या मुलाचें पहिलें वर्ष तसेंच असतें. त्या मुलांकरितां, त्यांस निरोप देणाऱ्या आईबापांकरितां व आमच्या उपदेशक बंधूंकरितां आज आम्ही हा अध्याय उघडीत आहों.

दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे चार तरुण बाबेलास नेले गेले. नगर अफाट, भाषा परकी, अन्न परकें. त्यांचीं नांवेंही बदलण्यांत आलीं. खास्दी लोकांची विद्या व भाषा त्यांस तीन वर्षें शिकवावी असा राजाचा हुकूम होता. ते बंदिवान म्हणून गेले, आमचीं मुलें आपल्या खुषीनें जातात, हा भेद मोठा आहे. तथापि पहिल्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मनांत जें काहूर उठतें, तें पुष्कळ अंशीं एकच असतें.

पहिली गोष्ट ही कीं, दानीएलानें परकी विद्या टाकली नाहीं; ती तो मन लावून शिकला. पुणें विद्यापीठाचेंच उदाहरण घ्या. तें १९४९ सालीं स्थापन झालें, व २०१४ सालीं त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. गणेशखिंडींतील त्याचें आवार ४०० एकरांहून मोठें आहे, आणि पहिले कुलगुरु मुकुंदराव जयकर यांच्या नांवाचें ग्रंथालय तेथें आहे. ज्यानें गांवीं एका कपाटांत मावेल एवढींच पुस्तकें पाहिलीं, तो तेथें पाऊल ठेवतांच बावरतो. त्यानें बावरावें, पण मागें फिरूं नये. पहिल्या आठवड्यांत तीन वाटा पायाखालीं घालाव्या : वर्गाची, ग्रंथालयाची व कचेरीची. व्याख्यान इंग्रजींत असून अर्धेंच कळलें, तर त्याच सायंकाळीं सोबत्याबरोबर तो भाग पुन्हां वाचावा, व न कळलेले शब्द वहींत उतरावे. पुष्कळ अभ्यासक्रमांत ७५ टक्के हजेरी लागते. आज कोणी विचारीत नाहीं असें पाहून जो वर्ग बुडवितो, त्यास सत्राच्या अखेरीस त्याचा हिशेब द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट ही कीं, दानीएल विचारावयास लाजला नाहीं. राजाच्या मेजावरील अन्न व मद्य घ्यावयाचें नाहीं असा त्याचा निश्चय होता. पण त्यानें ताट लोटून दिलें नाहीं कीं भांडण मांडलें नाहीं. त्यानें मुख्य अधिकाऱ्यास विनंति केली. अधिकाऱ्याची त्याजवर मर्जी होती, परंतु त्यास राजाचें भय वाटलें. तेव्हां दानीएल खालच्या कारभाऱ्याकडे गेला, आणि दहा दिवस शाकान्न व पाणी देऊन पाहावें असें त्यानें सुचविलें. येथें किती शहाणपण आहे! एका खिडकीवर काम झालें नाहीं म्हणून तो हताश झाला नाहीं. दुसऱ्या दाराशीं नम्रपणानें गेला. मुलांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतींत भरा, दाखल्यांच्या दोन दोन प्रती जवळ ठेवा, आणि अडल्यास अध्यापकांस भेटून विचारा. पैशांची ओढ असेल, तर ज्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली त्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नांवानें पुणें विद्यापीठांत "कमवा आणि शिका" ही योजना चालते. अशी सोय आपल्या विद्यालयांत आहे काय, याची चौकशी करा. हातानें काम करून शिकण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरी गोष्ट ही कीं, दानीएलानें दहा दिवसांची मुदत मागितली. मोठा निश्चय एकदम सर्व आयुष्याचा करूं गेल्यास तो मोडतो. दहा दिवस ठरल्या वेळीं निजून पाहा. दहा दिवस मोबाइल उशाशीं न ठेवतां पाहा. दहा दिवस खर्चाचा पैन् पै लिहून पाहा. मग आपल्या चेहऱ्याकडे व वहीकडे पाहून पुढचे दहा दिवस ठरवा. व्यसनाचा पहिला पेला बहुधा आवडीनें घेतला जात नाहीं. एकटें पडूं या भयानें घेतला जातो. हें भय ओळखून ठेवा.

आणि त्यावर उपाय चौथ्या गोष्टींत आहे. दानीएल एकटा नव्हता. ते चौघे होते. चांगले तीन सोबती मिळविणें हें पहिल्या सत्राचें अर्धें काम होय. ते आपल्याच जातीचे, गांवचे वा धर्माचे असावे असें नाहीं. खरें बोलणारे असावे. वरच्या वर्गांतील कोणी रॅगिंगचा छळ मांडला, तर तो मुकाट्यानें सोसणें म्हणजे सहनशीलता नव्हे. महाराष्ट्रांत त्याविरुद्ध १९९९ सालचा कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर देशांतून कोठूनही तक्रार करितां येते. मन फारच खचलें, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. वैद्याकडे जाण्यांत जशी लाज नाहीं, तशी येथेंही नाहीं.

कोणी म्हणेल, मला जी शाखा पाहिजे होती ती मिळाली नाहीं, आतां सर्व बुडालें. पंडिता रमाबाई १८८३ सालीं आपल्या लहान मुलीस घेऊन विलायतेस गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेनें. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. त्या तेथेंच शिकत राहिल्या. चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयांत स्वतः शिकतां शिकतां त्यांनीं संस्कृत शिकविलें. आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें. एक दार बंद झालें म्हणून त्यांचें जीवन थांबलें नाहीं.

आतां आईबापांस व मंडळीस एक शब्द. आमच्या ओळखीचा एक मुलगा, शेतमजुराचा पुत्र, शहरांत शिकावयास गेला. पहिल्या सत्रांत तो दोन विषयांत नापास झाला. घरीं त्यानें कळविलें कीं पास झालों. बाप आनंदला, रविवारीं मंडळीनें उपकारस्तुति केली, आणि त्या स्तुतींत आम्हीही होतों. ती बातमी मुलाच्या कानीं गेली, आणि त्या दिवसापासून त्यास गांवाकडे तोंड दाखवेना. नाताळांतही तो आला नाहीं. अभ्यास आहे, असें फोनवर सांगत राहिला.

शेवटीं आमचे वृद्ध उपदेशक चार भाकऱ्या फडक्यांत बांधून त्याच्या वसतिगृहांत गेले. त्यांनीं गुणांविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं. दोघे जेवले. जेवतां जेवतां मुलगा रडूं लागला, आणि सर्व सांगून मोकळा झाला. उपदेशक त्यास घेऊनच परतले. बाप उंबऱ्यावर बसला होता. ऐकून घेऊन तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पाऊस हुकला तर आपण काय रान सोडून देतों? दुबार पेरणी करतों." मुलानें ते विषय पुढच्या सत्रांत पुन्हां दिले, आणि ते सुटले.

बंधूंनो, खोटें बोलण्याचा दोष त्याचा होता. पण त्याच्या यशाचा आम्हीं एवढा गाजावाजा केला कीं अपयश घेऊन येण्यास त्यास घरीं जागाच उरली नाहीं. हा दोष आमचा होता. म्हणून आम्ही विनवितों कीं, मुलाचा फोन आला तर प्रथम "जेवलास काय?" असें विचारा, मग परीक्षेचें. मुलगी शहरांत आहे म्हणून रोज संशय घेऊं नका. तिच्यावर विश्वास टाका, म्हणजे संकटांत ती प्रथम तुम्हांसच हांक मारील. उपदेशकांनीं वर्षांतून एकदां तरी आपल्या मंडळींतील विद्यार्थ्यांस त्यांच्या ठिकाणीं जाऊन भेटावें.

आणि मुलांनो, बाबेलांत नांव बदललें तरी दानीएल आपलें मूळ विसरला नाहीं. तुमची बोली, तुमच्या आईचे घट्टे पडलेले हात, तुमचें कौलारू घर यांची लाज धरूं नका. ज्यानें तुम्हांस तेथवर नेलें तो परमेश्वर त्या मोठ्या आवारांतही तुम्हांस नांवानें ओळखतो. बीं मातीखालीं असतांना तें मेलें असें शेतकरी म्हणत नाहीं. आम्हीही म्हणणार नाहीं. तुम्ही उत्तीर्ण होऊन या किंवा अनुत्तीर्ण होऊन या, पण घरीं या.