जिवाचा दर

साहसकथा वाचणाऱ्याला थरार मिळतो. तिच्यातल्या माणसाला मजुरी मिळते, तीही जिवंत पोचला तर.

झॉर्झ आर्नो या फ्रेंच कादंबरीकाराने 1950 साली ‘भीतीची मजुरी’ लिहिली. लॅटिन अमेरिकेतल्या बंदरात अडकलेले कफल्लक परदेशी. दूरवर पेटलेली तेलविहीर. आग विझवायला लागणारं नायट्रोग्लिसरीन खाचखळग्यांच्या वाटेने ट्रकमधून न्यायचं. या कादंबरीवरच्या दिग्दर्शक क्लूझोच्या 1953 च्या चित्रपटात तर तेलकंपनीचा माणूस या भणंगांनाच का निवडलं ते उघड बोलतो: यांना ना युनियन, ना घरदार. ज्याच्यामागे रडणारं कुणी नाही, त्याचा जीव स्वस्त पडतो. हा हिशेब मला नायट्रोग्लिसरीनहून भयंकर वाटतो. ट्रक फुटतो तेव्हा निदान आवाज होतो.

त्या चित्रपटाने कान आणि बर्लिन दोन्ही महोत्सव जिंकले. अमेरिकेत दाखवताना मात्र तेलकंपनीवर बोट ठेवणारे प्रसंग कापले गेले. कात्रीला स्फोटाचं भय नव्हतं. 1977 मध्ये दिग्दर्शक फ्रीडकिनने हीच गोष्ट ‘सॉर्सरर’मध्ये पुन्हा सांगितली. भीतीला दर आहे तोवर ती जुनी होणार नाही.

आर्नोचं खरं नाव आँरी जिरार. ऑक्टोबर 1941 मध्ये फ्रान्समधल्या एस्क्वारच्या वाड्यात त्याचे वडील, आत्या आणि मोलकरीण यांचा खून झाला. घरात जिवंत राहिला तो एकटाच. आळ त्याच्यावर आला. एकोणीस महिन्यांच्या कैदेनंतर, 1943 मध्ये, तो निर्दोष सुटला. न्यायालय माणसाला सोडतं, लोकांचा संशय सोडत नाही. पुढे लेखक होताना त्याने वडिलांचं नाव घेतलं आणि आईचं माहेरचं आडनाव. ज्या बापाच्या खुनाचा आळ, त्याचंच नाव प्रत्येक मुखपृष्ठावर! याहून ताठ उत्तर मला माहीत नाही.

अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तो आपल्याच सरकारच्या विरोधात उभा राहिला. मृत्युदंड झालेल्या अल्जीरियन लढवय्या जमिला बूहिरेदसाठी त्याने वकील व्हेर्जेससोबत पुस्तिका लिहिली. 1960 मध्ये याच लढ्याला मदत करणाऱ्या भूमिगत फ्रान्सिस जाँसोंने पॅरिसात गुप्त पत्रकार परिषद घेतली, तिचा वृत्तांत आर्नोने छापला. पोलिसांना तिथे आलेल्यांची नावं हवी होती. तो बोलला नाही. अटक झाली, लष्करी न्यायालयात खटला चालला, दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. पण गिलोटिनच्या छायेत महिने काढलेल्या माणसाला तुरुंगाचा धाक कोण घालणार? अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तो तिथेच जाऊन राहिला, बरीच वर्षं.