बिनपाण्याने

मराठीत 'बिनपाण्याने हजामत करणे' म्हणजे एखाद्याची खरडपट्टी काढणे. शासकीय सेवेत वरिष्ठांनी ती माझी अनेकदा केली आणि हाताखालच्या मंडळींची मीही केली. त्या शब्दांचा मूळ अर्थ मात्र निवृत्तीनंतर कळला. अनेक पात्यांचे रेझर आणि डब्यातला आयता फेस यांनी मानेवर पुरळ उठू लागले, तेव्हा वडिलांच्या पेटीतले दुधारी पात्याचे जुने रेझर बाहेर काढले आणि वयाच्या ६४व्या वर्षी दाढी करायला नव्याने शिकू लागलो. पहिल्याच सकाळी हनुवटी तीन ठिकाणी कापली.

दोष पात्याचा नव्हता, घाईचा होता. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाणी दोन-तीन मिनिटे मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला जोर लावावा लागत नाही. मी पाण्याचा एक हबका मारून लगेच पाते चालवीत होतो, म्हणजे जवळजवळ बिनपाण्यानेच. इथे इंदुरात आमच्या मोहल्ल्यातील केशकर्तनालयाच्या मालकांना विचारले, तर ते हसून म्हणाले, "साहब, दबाइए मत, चलने दीजिए।" रेझरचे वजन पुरेसे असते, पाते साधारण ३० अंशांत धरावे, मोकळ्या हाताने कातडी ताणावी, आधी केसांच्या कलाने जावे, शेवटी गार पाणी आणि तुरटी. एवढे सारे त्यांनी गिऱ्हाइकाची दाढी करता करता पाच मिनिटांत सांगितले.

क्रीम निवडण्यात मात्र तीन महिने गेले, आणि पैसेही. शेव्हिंग क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पोटॅश यांचा मऊ साबण, पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन आणि सुगंध. मेंथॉलचे क्रीम माझ्या कोरड्या त्वचेला झोंबले. भाच्याने परदेशातून आणलेल्या महागड्या चंदनी क्रीमचा फेस बोरिंगच्या पाण्यात फाटला. ते पाणी जड, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत दुष्फेन. त्यातील कॅल्शियम साबणाला फेसाऐवजी साका धरायला लावते. उलट कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी ट्यूब नळाच्या पाण्यात (नर्मदा इंदुरात १९७८ साली आली) विरजलेल्या दह्यासारखी घट्ट झाली. बदामाएवढे क्रीम, नीट भिजलेला ब्रश आणि थेंबाथेंबाने पाणी. किमतीपेक्षा मनगटाचे काम अधिक.

हे ज्ञान माझ्या लहानपणी दर रविवारी आमच्या दारी येत होते. वाटी, वस्तरा आणि धार लावण्याचा चामडी पट्टा घेऊन न्हावी ओसरीच्या पायरीवर बसत. वयाने ते आजोबांपेक्षा मोठे. तरी आजोबा त्यांना 'अरे' म्हणत. क्षौरानंतर स्नान हा शास्त्राचार, शिवाय केस अंगाला चिकटतात, हे मान्य. परंतु स्नानापूर्वी आजोबा पिण्याच्या पाण्याला हातही लावीत नसत, त्याचे कारण केस नव्हते. ज्याच्या वस्तऱ्याखाली गळा निर्धास्त द्यायचा, त्याच्या स्पर्शाचा विटाळ मानायचा, ही विसंगती घरात कुणाला खटकली नाही. मलाही नाही.

पुढे वडिलांनी रेझर आणले. किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली अवघी ५१ रेझरे विकली होती. साठ-पासष्ट वर्षांत ते आमच्या आळीपर्यंत पोहोचले. वडील त्याला स्वावलंबन म्हणत. शब्द चांगला आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर गांधीजींनी आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टात हसे झाले. तरी आत्मकथेत ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, याची आठवण करून देतात. साताऱ्यात लहानग्या आंबेडकरांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. गावात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. तेही एक स्वावलंबनच, लादलेले.

मग आमचे कोणत्या जातीचे? वडिलांच्या मनात कुणाचा अपमान नव्हता. त्यांना कचेरीची वेळ गाठायची होती. पण रेझर आल्याचे न्हाव्यांना कुणी सांगितले नाही. ते तीन-चार रविवार आले, पायरीवर थोडा वेळ बसले आणि परत गेले. मी खिडकीतून पाहत होतो. आपले काम आपण करावे, हे मला आजही पटते. मात्र गरज संपली म्हणून माणूस दृष्टीआड करायचा आणि त्याला सद्गुणाचे नाव द्यायचे, हे आता पचत नाही. त्यांची विद्या मी ज्यांच्याकडून उशिरा शिकलो, त्यांनी तिचे पैसे घेतले नाहीत. त्यामुळे हिशेब आणखी अवघड झाला आहे.

गेल्या महिन्यात केस कापायला गेलो, तेव्हा त्यांनी माझी हनुवटी वर करून डाव्या जबड्याखाली सुटलेला ठिपका बोटाने दाखवला. तिथे केस आडवे वाढतात म्हणे. उद्या तिथे हात आडवा चालवून पाहायचा आहे.