दूरचें वृत्त आणि जवळचें माणूस

नवें यंत्र गांवांत येतें तेव्हां तें प्रथम हास्याचा विषय होतें. १९७४ सालीं तुर्कस्तानांतील एका आडवळणी गांवांत दूरदर्शनाची पेटी कशी आली, हें दाखविणारा ‘विझोनटेले’ नांवाचा तुर्की बोलपट २००१ सालीं निघाला. सरकारी माणसें यंत्र टाकून निघून जातात. मग नगराध्यक्ष आणि वेडा ठरलेला एक रेडिओ-दुरुस्त्या चित्राच्या शोधांत डोंगर चढतात. प्रेक्षक पोट धरून हंसतो. पण अखेर घरांत चित्र उमटतें तें सायप्रसच्या युद्धवार्तेचें, आणि तिच्यांत नगराध्यक्षाच्याच मुलाच्या मृत्यूचें वृत्त असतें. आई ती पेटी जमिनींत पुरावयास लावते.

मातेचा हा रोष न्याय्य होता काय? रत्नागिरीकरांस तरी हा प्रश्न परका वाटूं नये. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबले. गांवें मनिऑर्डरीवर जगलीं आणि तारेला भ्यालीं. तार आली म्हणतांच, ती फोडण्यापूर्वींच, घरांत रडारड सुरू होई.

यावरून कोणी म्हणेल, वृत्त उशिरां कळण्यांतच दया होती. हें मला मान्य नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली व सहाशेंवर माणसें दगावलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें; शहराला कित्येक तास पत्ताच लागला नाहीं. त्या अज्ञानाला दया म्हणण्याचें धाडस कोण करील?

तेव्हां दोष वेगाचा नव्हे. भेद निराळाच आहे. तार कितीही क्रूर असो, ती माणसाच्या हातून येई. घरांत कोणाला अक्षरओळख नसली तर ती आणणारा, नाहींतर शाळेचे मास्तर, ती वाचून दाखवीत. वाचणारा आधीं समोरच्याचें तोंड पाही, म्हातारीला खालीं बसवी, शेजारणीला हांक मारी. पेटीला मात्र समोर कोण बसलें आहे हें दिसत नाहीं. ती सर्वांना सांगते, म्हणून कोणा एकाजवळ थांबत नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन-केंद्र १९७२ सालीं सुरू झालें. तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. आतां वार्ता प्रत्येकाच्या खिशांत येते, आणि पुष्कळदां मृताच्या घराआधीं ती गांवभर होते. आपण ती पुढें धाडतों आणि शोक व्यक्त केल्याचें समाधान मानतों.

पेटी पुरून हा प्रश्न सुटणार नाहीं. यंत्रानें शेंकडों मैलांचें अंतर तोडलें. आपल्या उंबरठ्यापासून शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंतचें अंतर मात्र तें तोडूं शकत नाहीं. तेवढें आपणांसच पायीं चालून जावें लागतें. वार्ता पोंचली म्हणजे आपलें काम झालें असें ज्या दिवशीं आपण ठरवूं, त्या दिवशीं यंत्राचा नव्हे, आपलाच पराभव झालेला असेल.