भिंत कोणाची?

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघर एक वार्षिक परीक्षा सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, गाद्या उन्हात पडतात आणि वर्षभराचे डाग चुन्याच्या दोन हातांखाली दिसेनासे होतात. या उत्साहाचे मला कौतुकच आहे. पण आपण रंगवतो ती बहुधा भिंतीची आतली बाजू. तिला आणखी एक बाजू असते. ती रस्त्याकडे, बोळाकडे, शेजाऱ्याकडे तोंड करून उभी असते. आतल्या बाजूचा मालक कोण, हे लहान पोरही सांगेल. बाहेरच्या बाजूचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न मला एका पडलेल्या भिंतीने घातला. सणाच्या दिवसांत असली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. सांगतो आहे, कारण त्या भिंतीचा दिवाळीशी संबंध आहे.

तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात आम्ही चार बिऱ्हाडे भाड्याने राहत होतो. वडिलांच्या वेळेपासूनचे बिऱ्हाड. भाडे महिना साठ रुपये. वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, खांब-तुळया सागवानी आणि वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या. असली भिंत उन्हाला भीत नाही की वाऱ्याला भीत नाही. ती भिते डोक्यावरून उतरणाऱ्या पाण्याला. वरचे कौल फुटले, पन्हळ गळू लागली, की पाणी भिंतीच्या अंगात मुरते. माती भिजते, फुगते, वाळते, पुन्हा भिजते. आणि एखाद्या वर्षी ध्यानात येते की भिंतीने बाहेरच्या अंगाला पोट काढले आहे. बोळाकडच्या आमच्या भिंतीने ते २०१७ साली काढले.

त्याच पावसाळ्यापूर्वी नगरपालिकेची नोटीस दारावर लागली. वर लिहिले होते, ‘मालक व भोगवटादार यांस’. मजकूर असा, की सदर इमारत धोकादायक झाली असून तिची तातडीने दुरुस्ती करावी अथवा ती उतरवून घ्यावी. न केल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीस नगरपालिका जबाबदार राहणार नाही. नोटिशीमागोमाग पालिकेचे एक तरुण इंजिनिअर आले. माझ्या खोलीतल्या भेगेवर त्यांनी चुन्यासिमेंटच्या दोन ठिपक्यांवर एक काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि म्हणाले, “मास्तर, भिंत हलत असेल तर ही काच फुटेल. फुटली की मला कळवा. तुम्ही शिकवणारे आहात, तुम्हाला वेगळे सांगायला नको.”

काच श्रावणात फुटली. मी कळवले नाही. त्या जागेवर मी एक कॅलेंडर टांगले.

हे वाक्य लिहायला मला काही वर्षे लागली आहेत, म्हणून त्याच्यापुढे लगेच सबबी मांडत नाही. पण कारण सांगितले पाहिजे. काच फुटल्याचे कळवले तर वाडा रिकामा करण्याचा हुकूम येणार. रिकामा वाडा पाडला जाणार. आणि पाडलेल्या वाड्याच्या जागी पुन्हा उभे राहील त्यात आम्हांला खोली मिळेलच, असे कोण सांगणार? गावात दुसरे दोन खोल्यांचे बिऱ्हाड चार हजारांच्या खाली नव्हते. माझ्या खालच्या बिऱ्हाडात एक काकू एकट्या राहत. त्या कुठे जाणार? मी स्वतःला सांगितले की काच उन्हानेही तडकते. माणसाला सोयीची गोष्ट पटवून घ्यायला फार पुरावा लागत नाही.

त्या बोळात दर दिवाळीला मुले किल्ला करीत. किल्ल्याला पाठीमागे आधार लागतो. म्हणून ती नेमकी आमच्या भिंतीच्या पायथ्याची जागा निवडत. दगड रचून, त्यांवर गोणपाट आणि माती थापून, बुरूज, तट, हळिवाची हिरवळ आणि मातीचे मावळे. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस हटता हटत नव्हता. मुलांनी किल्ल्यावर प्लास्टिकचा कागद ताणून काम चालू ठेवले होते. येताजाता मीच त्यांना सूचना करीत असे, की दरवाजा वळणावर हवा, थेट समोर नको. वसुबारसेच्या आधी दोन दिवस, पहाटे तीनच्या सुमारास भिंत बोळात पडली.

कोणी दगावले नाही. एवढे वाक्य लिहिले की बातमी संपते. सकाळी मुले येऊन मातीच्या ढिगासमोर उभी राहिली. त्यांना दुःख झाले ते किल्ल्याचे. मी मात्र घड्याळाचा हिशेब करीत होतो. आदल्या संध्याकाळी साडेसहाला तिथे सात मुले बसलेली होती. पहाटेचे तीन आणि संध्याकाळचे साडेसहा यांच्यामध्ये माझा कोणताच पराक्रम उभा नव्हता. होता तो निव्वळ योगायोग.

पुढे महिनाभर गावात एकच चर्चा: चूक कोणाची? मालकांकडे गेलो तर त्यांनी शांतपणे विचारले, “अहो मास्तर, चार बिऱ्हाडांचे मिळून महिना दोनशे चाळीस रुपये येतात. त्यात मी आणि माझे चार भाऊ वाटेकरी. त्या पैशांत भिंत बांधू का कौले शाकारू?” हे खोटे नव्हते. मुंबईत आणि राज्याच्या इतर भागांत जुनी भाडी पूर्वीच्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढ करायची मुभा दिली. पण साठ रुपयांचे चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे! तोच कायदा सांगतो की घर सुस्थितीत ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने हयगय केली, तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. माझ्या बाबतीत ही रक्कम वर्षाला एकशे ऐंशी रुपये होते. कायद्याने मला हक्क दिला होता, पण त्या हक्काच्या पैशांत गवंड्याचा एक दिवसही भरत नव्हता.

पालिकेत गेलो तर तिथे नोटिशीची स्थळप्रत तयार होती. नोटीस दिली होती, इंजिनिअर पाठवला होता, काचही लावली होती. आता आणखी काय करायचे? आणि आम्ही भाडेकरू? आमच्याजवळ तर सर्वांत सबळ कारण होते: आम्हांला दुसरीकडे जागा नव्हती. तात्पर्य, प्रत्येकाचे म्हणणे रास्त होते. भिंत पडली ती या रास्त म्हणण्यांच्या बेरजेने.

ही कथा काही एका बोळाची नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच, पडावयास आलेल्या इमारतीबद्दल मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी हुकूम देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर घेण्याचा कायदा १९६९ साली झाला. तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी सक्तीची झाली. सर्वांत वाईट इमारतींना ‘सी-१’ असा वर्ग मिळाला, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. ती धोकादायक म्हणून आधीच ठरलेली होती. काही कुटुंबे हलली होती, काही राहिली होती. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात एक इमारत पडली आणि ६१ माणसे मेली. तिच्यात पालिकेच्या नोकरांची कुटुंबे राहत होती. मालक कोण, तर खुद्द महानगरपालिका! जिथे नोटीस देणारा आणि घेणारा एकच, तिथेही भिंत थांबली नाही. कायदा नव्हता म्हणून ही माणसे मेली असे म्हणता येत नाही. ठाऊक नव्हते म्हणून मेली असेही म्हणवत नाही.

मग दोष नेमका कशाचा? जुन्या लोकांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, घर पडून मालक मेला तर ते बांधणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. शिक्षा भयंकर खरी. पण आमच्या वाड्याच्या बाबतीत ती निरुपयोगीही होती. बांधणारा केव्हाच गेला होता, आणि त्याने चांगलेच बांधले होते. घर पडते ते पुष्कळदा बांधण्यातल्या पापाने नव्हे, तर नंतरच्या न करण्याने.

‘न करणे’ हा अपराध आहे हे आपल्या दंडविधानालाही मान्य आहे. १८६० च्या संहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना कृत्याबरोबरच कर्तव्यच्युतीही घातली होती. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही ती तशीच आहे. शिवाय तिथे म्हटले आहे की उपद्रवामुळे कोणाची काही सोय होते, ही सबब चालणार नाही. मी हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते कॅलेंडर आले. माझी सोय त्याच्या मागे लपलेली होती.

मला सर्वांत जवळचा वाटला तो कौटिल्य. अर्थशास्त्रात त्याने नगराचे नियम दिले आहेत. रस्त्यावर केर टाकला तर अष्टमांश पण दंड, इतक्या बारकाईने. त्यात आगीबद्दल एक नियम आहे. घराला आग लागली असता जो विझवायला धावत नाही, तो घरमालक असेल तर त्याला बारा पण दंड आणि भाडेकरू असेल तर सहा. मालकाची जबाबदारी दुप्पट आहे, आणि ती असायलाच हवी. पण भाडेकरूच्या समोर शून्य लिहिलेले नाही. ‘घर माझे नाही’ हे उत्तर त्याने सहा पणांपुरते फेटाळले आहे. आमच्या भांडणात आम्ही सगळे ‘दोष माझा की त्याचा’ असे विचारीत होतो. कौटिल्य विचारतो, तुझा किती?

मला वाटते, हिशेब इथून सुरू व्हायला हवा. मालकी, भोगवटा आणि अधिकार यांनी जबाबदारीचे हिस्से ठरतात हे खरेच. परंतु त्यांच्याही आधी एक चौथी गोष्ट येते, ती म्हणजे ठाऊक असणे. ज्या क्षणी काच फुटली त्या क्षणी मालकाला, पालिकेला, बोळातल्या सात घरांना जे माहीत नव्हते ते मला माहीत झाले. भिंत बांधण्याचे पैसे माझ्याजवळ नव्हते. ते माझे कर्तव्यही नव्हते. मुलांना ‘इथे नको, पलीकडे बसा’ एवढे सांगायला मात्र पैसे लागत नव्हते. तेही मी सांगितले नाही, कारण ते सांगितले असते तर ‘का’ म्हणून विचारले असते.

तथापि, एक गोष्ट न सांगता हा हिशेब बंद केला तर तो लबाडीचा होईल. वाडा रिकामा झाला तेव्हा काकू परगावी मुलीकडे जायला निघाल्या. मी त्यांची ट्रंक रिक्षात ठेवली आणि न राहवून काचेची हकीकत सांगून टाकली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं बाई नाही बोललात. दोन दिवाळ्या माझ्या घरात झाल्या.” त्यांनी मला क्षमा केली नाही, त्यांनी माझे आभार मानले. ते आभार मला आजतागायत कुठे ठेवावेत ते कळलेले नाही.

कारण काकूंचेही खरे आहे. भीती निराधार नसते, आणि घर सोडायला सांगणाऱ्याने कुठे जायचे तेही सांगायला हवे. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तो खटला आपल्या सांगली-मिरजेकडच्याच एका इमारतीचा होता. हे मला आधी ठाऊक असते तर मी बोललो असतो का? कदाचित. नोटिशीत ‘आम्ही जबाबदार राहणार नाही’ या ओळीच्या जागी ‘तुमचा हक्क असा शाबूत राहील’ ही ओळ असती, तर गावोगावच्या कितीतरी काचा वेळेवर कळवल्या गेल्या असत्या असे मला वाटते. भ्यालेला माणूस भेग झाकतो. त्याची भीती कमी करणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. पण ती कमी होईपर्यंत त्याचे सहा पण माफ होत नाहीत. माझे तरी झालेले नाहीत.

वाड्याच्या जागी आता मोकळी जागा आहे. वाटेकऱ्यांचा वाद चालू आहे. मी गावाच्या कडेला चार हजार भाड्याने राहतो. इथल्या मुलांनीही पहिल्याच दिवाळीला किल्ल्यासाठी कुंपणाच्या भिंतीचा आडोसा धरला होता. मी त्यांना अंगणाच्या मधोमध बसवले. पाठीला आधार हवा म्हणून ती कुरकुरली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसून दगडांचा एक उंच डोंगर मीच रचून दिला. “भिंतीजवळ का नाही, सर?” असे एकाने विचारलेच. या वेळी मी त्याला कारण सांगितले.

तुमच्या घरी रंगाचे हात चालू असतील. ते झाले की एकदा बाहेरून चक्कर मारून या.