तेच जहाज

ज्या वस्तूचे अवयव एकामागून एक पालटत गेले, ती वस्तू पूर्वीचीच मानावी की दुसरी, हा प्रश्न ग्रीक परंपरेत थीसिअसच्या नौकेच्या निमित्ताने विचारला गेला; अवयवांखेरीज रथ म्हणून काही वेगळे उरते काय, ही त्याला लागून असलेली शंका बौद्ध परंपरेत ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील नागसेन आणि मिलिंद राजा यांच्या संवादात येते. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स या पाच महासरोवरांपैकी मिशिगन सरोवरात शेवटपर्यंत राबलेल्या एका मालवाहू जहाजाने हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षे प्रत्यक्षात वाहिला.

मिशिगन राज्यातील एकॉर्स येथे 1906 मध्ये ‘विल्यम पी. स्नायडर’ या नावाने पाण्यात उतरलेले, सुमारे 168 मीटर लांबीचे हे जहाज सुटा माल, म्हणजे पोत्यांत न भरता थेट जहाजाच्या पोटात ओतला जाणारा माल, नेण्यासाठी बांधलेले होते. पुढे मालक बदलले तशी त्याची नावेही बदलत गेली. 1950 मध्ये मूळ वाफेचे इंजिन काढून नवे वाफेचे इंजिन बसवले गेले. 1966-67 मध्ये पोटाची रचनाच पालटून ते सिमेंटची भुकटी वाहू लागले. समुद्रातील मालवाहू जहाज खाऱ्या पाण्यामुळे साधारणपणे पंचवीस-तीस वर्षांत मोडीत निघते, पण सरोवराचे पाणी गोडे असल्याने तेथील पोलाद फार सावकाश गंजते, आणि म्हणूनच इतके फेरफार सोसण्याइतके आयुष्य या जहाजाला लाभले. हिवाळ्यात बर्फामुळे वाहतूक थांबली की धक्क्याला बांधलेल्या अशा जहाजांचे बॉयलर उघडले जातात, झिजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, आणि जुन्या रिव्हेट मारलेल्या पत्र्यांशेजारी नव्या वेल्डिंगची सलग शिवण उमटते.

या शिवणीपाशी नैयायिक आणि बौद्ध यांचे मत अनपेक्षितपणे जवळ येते. न्याय-वैशेषिक मताप्रमाणे अवयवी, म्हणजे अवयवांहून भिन्न असे अखंड द्रव्य, खरोखर अस्तित्वात असते. परंतु एक अवयव जरी निघाला तरी जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. क्षणिकवादी बौद्धांच्या मते तर वस्तू क्षणोक्षणी नवीच असते, आणि ‘हे तेच’ ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, कापून पुन्हा वाढलेल्या केसांविषयी होते तशी केवळ सादृश्यावर उभी असते. एरवी अवयवी आहे की नाही यावरच कडाडून भांडणारे हे दोन्ही पक्ष, पत्रा बदललेले जहाज काटेकोर अर्थाने दुसरेच ठरवतात.

तथापि जहाजाची तपासणी करणाऱ्याला या निर्णयाने भागत नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या दुरुस्तीचा भरवसा आणि तिच्यातला दोष, दोन्ही आजच्याच जहाजाच्या खाती मांडावे लागतात. ‘कृतनाश’, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे, ही आपत्ती आत्म्याच्या चर्चेत बौद्धांवर टाकली जाते. अचेतन जहाजाला कर्म नसले, तरी त्याच्यावर झालेल्या कामाला वारस लागतोच. बौद्धांनी या आपत्तीला दिलेले उत्तर ‘संतान’, म्हणजे कारण-कार्याने जोडलेला क्षणांचा प्रवाह, हे आहे, आणि जहाजाच्या बाबतीत तेच अधिक समर्पक वाटते. मात्र हा प्रवाह आपोआप वाहत नाही, दर हिवाळ्यात कोणीतरी जुने काम पाहून पुढचे काम करते म्हणूनच तो टिकतो, ही पुस्ती त्याला जोडलीच पाहिजे.

2013 मध्ये, जहाज 107 वर्षांचे असताना, त्याचे इंजिन काढून, मागचा भाग कापून, टगबोटीने ढकलायचा तराफा म्हणून त्याची नवी रचना करण्यात आली. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या मते जे अर्थक्रिया, म्हणजे आपले कार्य, करू शकते तेच सत्, म्हणजे खरोखर असणारे. सिमेंट वाहण्याची अर्थक्रिया तर तराफाही करतो, पोलादही बरेचसे जुनेच आहे, आणि केवळ माल पोचण्याकडे पाहणाऱ्याला सातत्य तुटलेले दिसणार नाही. परंतु जहाजाची अर्थक्रिया मालापुरती नव्हती: स्वतःच्या बळावर चालणे, वादळात दिशा राखणे आणि आपल्या खलाशांना हंगामभर निवारा देणे हेही तिच्यात होते. ही कामे टगबोटीकडे गेली. तेव्हा पोलाद उरले असूनही 1906 चे जहाज 2013 मध्ये संपले, असेच म्हणणे भाग आहे, आणि 1950 मध्ये इंजिन बदलले तेव्हा मात्र ते संपले नव्हते.