करावा लागला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला गोटमार 'खेळतात'. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मधे पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला. झेंडा काढायला जो पाण्यात उतरेल त्याच्यावर पलीकडून गोटे येतात, अलीकडूनही जातात. दर वर्षी डोकी फुटतात, हातपाय मोडतात. काही वर्षी माणसं जिवानिशीही गेली आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते. लोकांनी ते बाजूला सारून नदीतले गोटेच उचलले. चेंडू घेतले असते तर निदान 'खेळतात' हे क्रियापद तरी खरं झालं असतं.

तिगावसारख्या पांढुर्ण्याजवळच्या गावांत घरात मराठी आणि कचेरीत हिंदी चालते. गोटमारीची बातमी कुठल्याही भाषेत वाचा, तिचा साचा सारखाच. दगडांचा वर्षाव होतो, म्हणजे पाऊस पडावा तसे दगड पडतात. माणसं जखमी होतात, त्यांना जखमी कोणी करत नाही. फेकणारा तर गावातलाच असतो, चारचौघांसमोर फेकत असतो, तरी वाक्यात त्याला जागा नसते. त्याच माणसानं तसाच गोटा पुढच्या महिन्यात भर बाजारात भिरकावला, की त्याची 'दगडफेक' होते आणि तो रातोरात 'समाजकंटक' ठरतो. हा समाजकंटक एरवी कुठे राहतो, काय खातो, कळत नाही. दंगलीच्या बातमीबाहेर तो कधी भेटल्याचं मला आठवत नाही. लग्नाला गर्दी होते, नेत्याच्या सभेला जनसागर लोटतो, दगड मारायला मात्र 'जमाव' लागतो.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असं इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी 1957 साली मांडलं. हिंसेच्या शब्दांची संगत पाहिली तर निसर्गच अधिक दिसतो. इंग्रजीत हिंसा ज्वालामुखीसारखी उसळते, रोगाच्या साथीसारखी फुटते. आपल्याकडे ती भडकते, उफाळते, नाहीतर तिचा आगडोंब होतो. आगीला कर्ता लागत नाही, ही या सगळ्यांची सोय. बातमीदाराला यात दोष देण्यात अर्थ नाही. रात्री उशिरा चार ओळी पाठवायच्या असतात, तेव्हा तयार जोडी हाताशी येते आणि खपूनही जाते.

पण सगळ्यांत शहाणी जोडी पोलिसांच्या वाट्याला आलेली आहे. जमाव दगडफेक 'करतो', पोलिसांना लाठीमार 'करावा लागतो'. तोही बहुधा सौम्य. लाठी ज्याच्या पाठीत बसली त्याला तिची सौम्यता विचारायची पद्धत नाही. गोळीबारही करावा लागतो, आणि त्यात लोक ठार 'होतात'. कधी खरोखरच दुसरा इलाज नसतो, हे मान्य. पण तो होता की नव्हता हे चौकशीत ठरायचं असतं. इथे ते 'लागला' या एका शब्दात, चौकशी नेमण्याआधीच, ठरून जातं. ऑर्वेलनं 1946 साली लिहिलेल्या निबंधात खेड्यांवरच्या बॉम्बफेकीला शांतता प्रस्थापित करणं म्हणण्याच्या रीतीवर बोट ठेवलं होतं. आपल्याला इतकं मोठं खोटं बोलावं लागत नाही, क्रियापदाचं रूप बदललं की भागतं.

मराठीत आणखी एक करामत आहे. मारामारी, हाणामारी, बाचाबाची: शब्द दुमडला की दोष आपोआप दोघांत वाटला जातो. नवरा बायकोला मारतो आणि शेजारी सांगतात, त्यांच्यात भांडाभांडी झाली. 2005 च्या कायद्यानं याला कौटुंबिक हिंसाचार म्हटलं, पण तो शब्द अजून अर्जात आणि वकिलाच्या तोंडी आहे. वाड्यात 'त्यांचं आपसातलं' असंच चालतं. गंमत अशी, की जिथे खरोखर दोन्हीकडून सारखे दगड येतात त्या जाम नदीवर मात्र मारामारी म्हणत नाहीत.

असाच एक दुमडलेला शब्द नागपूरला 114 जणांच्या मरणावर बसला. 23 नोव्हेंबर 1994, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरं राखणारी माणसं, बरोबर बायका आणि लेकरं. लाठीमार झाला, लोक पळाले, वाट नव्हती. मेलेल्यांत बायका आणि मुलंच जास्त. नोंद झाली ती 'चेंगराचेंगरी' अशी. व्याकरणाच्या हिशेबानं गोवाऱ्यांनीच एकमेकांना चेंगरलं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, पण शब्द तिथेच राहिला. गोवारी समाज मात्र तेव्हापासून 'हत्याकांड' म्हणत आला आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला माणसं झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी जमतात. स्मारकाला नाव आहे शहीद गोवारी स्मारक, शेजारच्या उड्डाणपुलालाही शहीद गोवारींचंच. पुलाला ते नाव चालतं. पण शहीद म्हटलं की मारणारा कोणीतरी असावा लागतो, आणि चेंगराचेंगरीत तो सापडत नाही.